मेंदूसंशोधनासाठी निधी आणि मानसिक आजारांविषयी जागृती : नाशिकच्या आमच्या गटाने जमलेले पैसे कोठे द्यावेत?

प्रश्न
पहाटफेरी (नाशिक)

सर्वांना नमस्कार. गोल्फ क्लब मैदानाच्या, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पहाटे भेटणारा आमचा चाळीस-पंचेचाळीस जणांचा गट आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार आहेत, दोन औषधविक्रेते आहेत आणि गृहिणीही आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्यातील एका काकूंनी पहिल्यांदाच सांगितले, की त्यांच्या मुलीला बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय विकार (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे आलटून-पालटून काळ येणारा आजार) आहे आणि गेली अकरा वर्षे ती नियमित औषधे घेऊन नोकरी करीत आहे. रोज आमच्या शेजारून चालणाऱ्या बाईंनी अकरा वर्षे ही गोष्ट एकटीने सांभाळली होती, याचे आम्हां सर्वांना अतिशय वाईट वाटले आणि त्यातूनच काहीतरी करावे असे ठरले.

काकूंची मुलगी लिथियम घेते. त्याविषयी वाचू लागलो तेव्हा समजले, की १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि इतक्या वर्षांनंतरही ते मेंदूत नेमके कसे काम करते याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. ज्या औषधावर आपल्या ओळखीच्या एका मुलीचे आयुष्य उभे आहे, त्याचेच काम अजून पुरते कळलेले नाही, हे मला स्वस्थ बसू देईना. अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेली, आता ‘ब्रेन अँड बिहेविअर रिसर्च फाउंडेशन’ या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. तिच्यासाठी सामान्य माणसे पदयात्रा काढतात, वाढदिवसाला भेटवस्तूंऐवजी देणग्या मागतात आणि तो पैसा तरुण संशोधकांना दोन वर्षांसाठी कमाल ७० हजार डॉलरच्या अनुदानांच्या रूपाने मिळतो. कार्यालयाचा खर्च वेगळ्या अनुदानांतून भागविला जात असल्यामुळे, संशोधनासाठी आलेली देणगी संपूर्णपणे संशोधनालाच जाते. हे वाचून आम्हीही गेल्या वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, मैदानापासून सीबीएस, अशोक स्तंभ, रविवार कारंजा या मार्गाने गोदाघाटापर्यंत पदयात्रा काढली.

१ लाख ८६ हजार रुपये जमले. परंतु टी-शर्ट, फलक, ध्वनिक्षेपक आणि नाश्ता यांवर त्यातील ७१ हजार खर्च झाले आणि उरलेली रक्कम एका सदस्याच्या बचत खात्यात तशीच पडून आहे. देणाऱ्यांना आम्ही ‘मेंदूसंशोधन आणि जागृती’ असे सांगितले होते. आता गटात दोन मते आहेत. काहींना वाटते की हे पैसे संशोधन संस्थेला द्यावेत. काहींचे म्हणणे असे, की नाशिकमध्येच औषधांवाचून राहिलेले रुग्ण असताना एवढ्याशा रकमेने दूरच्या प्रयोगशाळेत काय होणार आहे. शिवाय यंदाच्या फलकावर ‘मानसिक आजार हा मेंदूचाच आजार आहे’ असे घोषवाक्य लिहावे, असा प्रस्ताव आहे. ज्यांना या कामाचा किंवा या आजारांचा जवळून अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर
थोरली बहीण (सिडको, नाशिक)

दादा, आपण काकूंविषयी जे लिहिले आहे ते वाचून मी बराच वेळ थांबले, कारण आमच्या घरातही हेच झाले. माझ्या धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. पहिली अडीच वर्षे आम्ही त्याला आजार मानलेच नाही. तो रात्ररात्र जागा राहायचा, खिडक्या लावून घ्यायचा, शेजारचे लोक आपल्याविषयी बोलतात म्हणायचा. नातेवाइकांनी सांगितले की बाहेरची बाधा आहे, आणि आम्ही अंगारे-धुपारे करीत, एका देवस्थानाहून दुसऱ्या देवस्थानाला जात राहिलो. उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो तितके पुढचे बरे होणे अवघड होते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले तेव्हा आईला जो धक्का बसला, त्यातून ती अजून सावरलेली नाही. त्या अडीच वर्षांत आमच्या गल्लीत कोणी नुसते एवढे जरी सांगितले असते, की ‘हा आजार आहे, यावर औषध आहे, उद्या माझ्याबरोबर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चला’, तर आमचे पुष्कळ काही वाचले असते. म्हणून जागृतीला मी कमी लेखत नाही.

तरीही संशोधनाविषयी मला जे वाटते ते सांगते. भावाला दोन औषधांनी गुण आला नाही, तेव्हा क्लोझापिन सुरू केले. त्या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात कमी होऊ शकतात, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागले आणि आजही ते ठरावीक काळाने तपासावे लागते. औषधाने त्याच्या कानातले आवाज थांबले. मात्र त्याची उमेद परत आली नाही. पूर्वी तासन् तास क्रिकेटवर बोलणारा मुलगा आता विचारले तेवढेच उत्तर देतो, वाचलेले लक्षात राहत नाही म्हणून पुस्तक मिटून ठेवतो, आणि घरी येणारे पाहुणे त्याला आळशी म्हणून जातात. मी डॉक्टरांना विचारले की यावर गोळी का नाही. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की आजची औषधे आवाजांवर आणि संशयांवर चांगली चालतात, पण उत्साह, एकाग्रता आणि स्मरणशक्ती यांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. माझ्या भावाचे उरलेले आयुष्य ज्या गोळीवर अवलंबून आहे ती अजून तयारच झालेली नाही. तेव्हा ‘प्रयोगशाळेत काय होणार आहे’ या प्रश्नाचे उत्तर माझ्यासाठी तरी स्पष्ट आहे.

एक विनंती मात्र मनापासून करते. यंदाच्या पदयात्रेत ध्वनिक्षेपकावर भाषणे कमी ठेवा आणि शेवटी गोदाघाटावर, तयार असेल तर, आजारातून उभ्या राहिलेल्या एखाद्या व्यक्तीला दहा मिनिटे स्वतःविषयी बोलू द्या. तिच्यावर कोणीही आग्रह करू नये. तिचे छायाचित्र तिला विचारल्याशिवाय कोठेही टाकू नये. आणि त्या ठिकाणी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही विनामूल्य सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येते आणि रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो. त्या एका फलकाला टी-शर्टांइतका खर्च येत नाही.


उत्तर
हिशेबनीस (पंचवटी)

मी अनेक वर्षे एका नोंदणीकृत न्यासाचे हिशेब पाहिले आहेत, त्यामुळे फक्त पैशाच्या बाजूविषयी लिहितो.

एका सदस्याच्या वैयक्तिक बचत खात्यात ही रक्कम असणे योग्य नाही. आपल्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण त्या सदस्याला काही झाले तर ती रक्कम वारसांची होईल आणि देणगीदारांना आपण काहीही उत्तर देऊ शकणार नाही. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर गणेश मंडळे वर्गणीसाठी जी प्रक्रिया करतात तीच, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडील प्रक्रिया, आपल्यालाही करावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. याहून सोपा मार्ग असा, की आपण पैसे हातात घेऊच नयेत. ज्या संस्थेला द्यायचे ती आधी निश्चित करावी, तिच्याकडून लेखी संमती घ्यावी आणि देणगीदारांनी थेट तिच्या खात्यात पैसे भरावेत. पावती आणि प्राप्तिकरातील वजावटीसाठी लागणारे (८० जी चे) प्रमाणपत्रही मग तीच संस्था देते. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही. हे देणाऱ्याला आधी सांगावे, नंतर वाद नको.

अमेरिकेतील संस्थेला इथून गटाने पैसे पाठविण्याच्या फंदात पडू नये. परकीय चलनाचे नियम आणि कराचे प्रश्न इतके आहेत, की एवढ्या रकमेसाठी ते परवडणारे नाही. त्यांच्याकडून घ्यावी ती पद्धत, म्हणजे आयोजनाचा खर्च आणि देणगी या दोन पिशव्या वेगळ्या ठेवण्याची. नाश्ता आणि फलक यांचा खर्च गटातील सदस्यांनी किंवा एखाद्या दुकानदाराने वेगळा उचलावा. गेल्या वर्षीचे ७१ हजार हा खर्च झालेला आहे, तो लपवू नका. जमा, खर्च आणि शिल्लक यांचे एक पान छापून प्रत्येक देणगीदाराला पाठवा आणि शिल्लक रक्कम कोठे द्यायची हे त्यांनाही विचारा. मिरवणुकीच्या मार्गासाठी पोलीस आयुक्तालयाची परवानगी लागतेच, ती आपण घेतली असेल असे गृहीत धरतो.


पहाटफेरी

ताई, आपण इतके मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मी आणि आमचा सगळा गट आपला ऋणी आहे. आपले उत्तर मी आज सकाळी ट्रॅकवर वाचून दाखविले. वाचून झाल्यावर कोणीच काही बोलले नाही, आणि थोड्या वेळाने आमच्यातील एका गृहस्थांनी आपल्या पत्नीच्या नैराश्याविषयी सांगायला सुरुवात केली. तेही आम्हांला ठाऊक नव्हते.

हिशेबनीस साहेब, आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. हिशेबाचे पान या आठवड्यात सर्वांना जाईल. परवानगी घेतली होती.

आता प्रश्न उरतो तो संस्था निवडण्याचा आणि घोषवाक्याचा. वैद्यकीय क्षेत्रातील कोणी असल्यास कृपया लिहावे.


उत्तर
निवृत्त मनोविकारतज्ज्ञ (गंगापूर रोड)

घोषवाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात एक धोका आहे आणि तो वरवर दिसत नाही. ‘हा मेंदूचा आजार आहे’ असे सांगितल्याने रुग्णाला किंवा त्याच्या आईवडिलांना दोष देण्याची वृत्ती कमी होते, हे खरे आहे. परंतु निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतून असेही दिसले आहे, की केवळ एवढेच सांगितले तर ‘मेंदूच बिघडलेला आहे, म्हणजे हा कधी सुधारणार नाही आणि काय करील याचा नेम नाही’ अशी समजूत वाढते आणि लोक रुग्णापासून अधिकच दूर राहू लागतात. पूर्वग्रह खऱ्या अर्थाने कमी होतो तो आजारातून सावरलेल्या माणसाशी समोरासमोर भेट झाल्याने. थोरल्या बहिणीने जे सुचविले आहे, त्याला आमच्या शास्त्राचा पूर्ण आधार आहे. तेव्हा फलकावर मेंदूचा उल्लेख जरूर करा, पण त्याच ओळीत ‘उपचार आहेत, माणसे कामावर परततात’ हेही असू द्या. काकूंची मुलगी हे त्याचे जिवंत उदाहरण आहे.

मेंदूविषयी सांगायचेच असेल तर समजेल असे सांगा. वयात येताना आपला मेंदू चेतापेशींमधील अनावश्यक जोडण्या छाटून टाकतो. ही छाटणी सर्वांच्याच मेंदूत होते आणि ती आवश्यक असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुमारे ६५ हजार लोकांची जनुकीय माहिती तपासून असे दाखविण्यात आले, की सी४ या जनुकाचे काही प्रकार असणाऱ्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा जास्त असतो. आणि हेच जनुक उंदरांमध्ये त्या छाटणीत भाग घेते. म्हणजे काही मुलांमध्ये छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा एक धागा हाती आला. एका जनुकाने आजार ठरत नाही, आणि यावर औषध निघालेले नाही. पण हा आजार बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या आरंभी का डोके वर काढतो, याचा विचार करायला आता निश्चित जागा मिळाली आहे. संशोधनाला दिलेला पैसा अशा रीतीने फळतो, फार हळू आणि टप्प्याटप्प्याने. हे देणगीदारांना आधीच सांगितले तर ते पुढच्या वर्षी ‘काय निघाले?’ असे विचारून निराश होणार नाहीत.

आपल्याकडे संशोधन होत नाही, असेही समजू नका. बेंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि तेथील जीवविज्ञानाच्या दोन संस्था मिळून एक प्रकल्प चालवितात. त्यात ज्या कुटुंबांत एकाहून अधिक व्यक्तींना गंभीर मानसिक आजार आहे, अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला जातो. त्यांच्या रक्तातील पेशींपासून प्रयोगशाळेत मूलपेशी आणि त्यांपासून चेतापेशी तयार करून, आजारी आणि निरोगी भावंडांच्या पेशींत काय फरक आहे ते पाहिले जाते. अशा कामाला पैशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, विश्वासाने पुढे येणाऱ्या कुटुंबांची गरज असते. जिथे आजार लपविला जातो तिथे असे कुटुंब पुढे येत नाही. त्यामुळे आपल्या गटात जागृती विरुद्ध संशोधन असा जो वाद आहे, त्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. निम्हान्सनेच २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण माझ्या ओपीडीतील अनुभव याहून वेगळा नाही.

संस्थांविषयी म्हणाल तर चेन्नईची स्कार्फ ही १९८४ पासून स्किझोफ्रेनियावर उपचार आणि संशोधन दोन्ही करणारी स्वयंसेवी संस्था आहे. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्थापन केली. रुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट चालविण्याचा तिचा अनुभव दांडगा आहे. आपल्या शिल्लक १ लाख १५ हजारांपैकी मोठा भाग संशोधन करणाऱ्या एका संस्थेला, ठरावीक कामासाठी, पत्र लिहून आणि विचारून द्यावा; उरलेल्यातून नाशिकमध्ये महिन्याला एकदा नातेवाइकांचा स्वमदत गट सुरू करावा, असे मी सुचवीन. त्याला एक खोली, वीस खुर्च्या आणि चहा एवढेच लागते. पहिले सहा महिने मी स्वतः येऊन बसेन. औषधांसाठी रोख मदत वाटणे मात्र टाळा. जिल्हा रुग्णालयात ही औषधे मिळतात, तिथपर्यंत रुग्णाला सोबत करणारा माणूस अधिक उपयोगी पडतो.


उत्तर
बागाईतदार (निफाड तालुका)

डॉक्टरसाहेबांनी छाटणीचे जे सांगितले ते आमच्या भागात कोणालाही लगेच समजेल. द्राक्षाची काडी जास्त छाटली गेली तर वेलीचे काय होते, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही; आणि तशा वेलीला कोणी दोषही देत नाही, पुढच्या हंगामापर्यंत तिला सांभाळतो. गावात बोलायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

परंतु १० ऑक्टोबरला आमच्याकडचे कोणी आपल्या पदयात्रेला येऊ शकणार नाही, कारण तेव्हा गोडी छाटणीची धांदल असते आणि मजूर मिळविण्यातच दिवस जातो. ज्यांना खरोखर ऐकण्याची गरज आहे, असे कित्येक जण तेव्हा बागेत असतात. अवकाळी पाऊस किंवा गारपिटीने काढणीला आलेला माल गेला, की घरातला कर्ता माणूस बोलेनासा होतो, जेवत नाही, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतो. आणि घरचे म्हणतात, कर्जाची काळजी आहे, होईल ठीक. माझ्या चुलत्यांच्या बाबतीत आम्ही हेच म्हणालो होतो. सुदैवाने एका नातलगाने त्यांना वेळेत डॉक्टरांकडे नेले आणि आज ते बागेत उभे राहून मजुरांना सूचना देतात. त्या दिवसांत घरातील फवारणीच्या औषधांचे कपाट कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे ठेवावी, हे आम्हांला त्या डॉक्टरांनीच सांगितले. ही एवढी साधी गोष्ट गावोगावी सांगितली गेली पाहिजे.

श्रावणात आमच्या गावी सप्ताह बसतो. कीर्तनाआधी मंडपात पाचशे-सहाशे माणसे सहज असतात आणि बायकाही मोठ्या संख्येने असतात. सप्ताह समितीशी मी बोललो आहे; पंधरा मिनिटे द्यायला ते तयार आहेत. डॉक्टरसाहेब आणि आपल्या गटातील दोघे-तिघे आले तर चुलते स्वतः दोन शब्द बोलतील, असे त्यांनी काल मला सांगितले. नाशिकहून येण्या-जाण्याची गाडी माझ्याकडे लागली. तारीख आपण कळवावी.